पहिल्या बाकावरची प्रश्नपत्रिका

गोपनीय छपाई केंद्र, पुणे
२७ जानेवारी २०२६

ती. ललिताआत्यास,
सप्रेम जयभीम.

हाताने पत्र लिहायची वेळ आली की माझ्या अक्षराची काय दशा होते, ते बघतेच आहेस. लाल पेन काढू नकोस. पुढच्या परीक्षेच्या प्रश्नपत्रिका छापायला आम्ही इथे आत आलो आहोत आणि ती परीक्षा होईपर्यंत बाहेर पडायचं नाही. मोबाइल दारातच जमा. बाहेरच्या जगाशी संबंध फक्त पत्रांचा. तीही आमचे सुरक्षा अधिकारी पृथ्वीराज काळभोर आधी वाचतात, हवी तिथे काट मारतात आणि मग भाजीच्या गाडीबरोबर पाठवतात. (काळभोर साहेब, वाचताय ना? नमस्कार.)

कळवायचं ते हे, की माझं तंत्र चाललं! १८ तारखेला लिपिक भरतीची परीक्षा सुरू असतानाच प्रश्नपत्रिकेच्या एका पानाचा फोटो कुठल्याशा ग्रुपवर फिरायला लागला. पूर्वी असं झालं की चौकशी समिती बसायची आणि ती बसलेलीच राहायची. या वेळी हिंजवडीच्या ऑफिसात माझा सहकारी अर्णव याने तो फोटो आमच्या सॉफ्टवेअरला दिला आणि चहा येईपर्यंत बैठक क्रमांक समोर आला. आम्ही प्रत्येक प्रतीवर डोळ्यांना न दिसणाऱ्या खुणा छापतो, प्रत्येक प्रतीच्या वेगळ्या. फोटो तिरका असो, धूसर असो, खुणा सापडतात. आधी कोपऱ्यात साधा क्रमांक छापायचे, पण फोटो काढणारा त्यावर अंगठा ठेवायचा. मी म्हटलं, दिसणारा क्रमांकच काढून टाका. सगळ्यांनी विरोध केला, मी ऐकलं नाही. आता तेच लोक पाठ थोपटताहेत.

उमेदवार सापडला. फोटो त्याच्याच प्रतीचा आहे, अशा प्रतिज्ञापत्रावर सही करूनच मी आत आले. १३ फेब्रुवारीला भरती मंडळापुढे सुनावणी आहे. तिथे आमचा पुरावा टिकला की राज्यभरच्या परीक्षांचं काम आम्हाला मिळेल. इतकी वर्षं हिंजवडीच्या ट्रॅफिकमध्ये काढली, त्याचं चीज झालं म्हणायचं.

मे महिन्यात तू निवृत्त झालीस की आपण दोघी अजिंठ्याला जाऊ. जन्मभर वर्गात शिकवलंस आणि अजून पाहिलेलं नाहीस.

तुझी,
निकी


बिबवेवाडी, पुणे
३० जानेवारी

चि. निकितास,
जयभीम आणि आशीर्वाद. काळभोर साहेबांनाही जयभीम.

तुझं पत्र वाचून अभिमान वाटला. शेजारच्या कांताबाईंना बोलावून वाचून दाखवलं. त्यांना खुणांचं काही कळलं नाही, पण 'आपली निकी' म्हणून त्यांनी डोळे पुसले.

आता दुसरं. तू 'उमेदवार सापडला' एवढं लिहून मोकळी झालीस. तिला नाव आहे. आनंदी भिलारे. परीक्षा आमच्याच शाळेत होती आणि तिच्या खोलीवर पर्यवेक्षक मी होते. तुला हे ठाऊक नसणार, असं मी धरून चालते.

ती पहिल्या बाकावर होती, दाराजवळ, अगदी माझ्या टेबलासमोर. तिची सासू तान्ह्या बाळाला घेऊन फाटकाबाहेर बसली होती, म्हणून बाई सारखी दाराकडे बघायची. मी तिला दटावलंही. अशी बाई माझ्या नाकासमोर मोबाइल काढते, फोटो घेते, पाठवते, आणि मला दिसत नाही? निवृत्तीला आले असले तरी आंधळी झालेले नाही. फळ्याकडे तोंड असतानासुद्धा मागे कोण काय करतंय ते मला कळतं. तू माझ्याच वर्गात होतीस, तुला अनुभव आहे.

तिचा मोबाइल बाहेर पिशवीत होता. पोलिसांनी तो नेला, त्यात काही मिळालं नाही. दुसरा असेल, म्हणतात. टीव्हीवाल्यांनी तिचा चेहरा दाखवला. वयाच्या अटीमुळे तिची ही शेवटची परीक्षा होती. दोषी ठरली तर सरकारी नोकरी कायमची गेली, वर खटला. परवा ती माझ्याकडे आली. रडली नाही. म्हणाली, "बाई, तुम्ही समोर होता. तुम्ही सांगा ना त्यांना." काय सांगू ते तू कळव.

तुझी,
आत्या


गोपनीय छपाई केंद्र
२ फेब्रुवारी

ती. आत्यास,
सप्रेम जयभीम.

नाही, मला ठाऊक नव्हतं. आमच्यापुढे फक्त क्रमांक येतो. नाव मंडळ काढतं. पर्यवेक्षक कोण, हे तर आम्हाला कधीच कळत नाही.

पण आत्या, तू जे पाहिलंस ते तुझं मत आहे आणि माझ्याकडे आहे तो पुरावा आहे. फोटोतली प्रत पहिल्या क्रमांकासाठी छापलेली होती. आम्ही पुन्हा पुन्हा तपासलं, एकदाही दुसरं उत्तर आलं नाही. बाळ फाटकाबाहेर होतं म्हणून आई फोटो काढणार नाही, असं कुठल्या शास्त्रात आहे? तुला वाईट वाटतंय, मलाही वाटतंय. पण वाईट वाटणं सुनावणीत चालत नाही.

आता जे लिहिते ते लिहायला हात धजत नाही. मंडळाचे लोक पुढे तुझ्याकडेच वळणार. पहिल्या बाकावरून फोटो गेला आणि समोर बसलेल्या बाईंना दिसला नाही, हे त्यांना पटणार नाही. तू खोलीबाहेर गेली होतीस का? कुणाला थोडा वेळ बसवून? पाणी प्यायला, फोन घ्यायला? मला खरं सांग. पाकीट हातात आल्यापासून पेपर वाटून होईपर्यंत काय काय केलंस ते सगळं क्रमाने लिही. काही झाकू नकोस. मी तुझी भाची म्हणून विचारते आहे.

तुझी,
निकिता


बिबवेवाडी
५ फेब्रुवारी

सौ. नाही, श्रीमती नाही, नुसतीच निकिता अभियंता यांस,

भाची म्हणून विचारलंस म्हणे. माझ्या आयुष्यात मला कुणी "खोली सोडून गेला होतात का" असं विचारलं नव्हतं. तो मान घरातल्या माणसाकडे जायचा होता.

हवा तो जबाब घे. केंद्रप्रमुखांकडून सीलबंद पाकीट सही करून घेतलं. खोलीत आणून दोन उमेदवारांना सील दाखवलं, त्यांच्या सह्या घेतल्या. खोलीत एकही गैरहजर नव्हता. पहिली घंटा झाल्यावर पाकीट कापलं. गठ्ठा टेबलावर पालथा ठेवला. नोकरीला लागले तेव्हापासून मी तसाच ठेवत आले. दुसरी घंटा व्हायच्या आत माझ्यासुद्धा नजरेला प्रश्न पडता कामा नये, हा आमच्या शाळेचा शिरस्ता. मग पहिल्या बाकापासून सुरुवात करून वरची वरची प्रत उचलत शेवटच्या बाकापर्यंत वाटल्या, त्याही पालथ्याच. दुसऱ्या घंटेला सगळ्यांनी एकदम उलटल्या. तुमच्या नव्या सूचनापत्रकात लिहिलं होतं, गठ्ठ्याचा क्रम बदलू नये. बदलला नाही. एक प्रतही इकडची तिकडे केली नाही.

खोलीबाहेर पाऊल टाकलं नाही. पाणी प्यायले नाही. मोबाइल केंद्रप्रमुखांच्या कपाटात होता. झालं समाधान?

यापुढे मला पत्र लिहायचं असेल तर आनंदीबद्दल लिही. माझ्याबद्दल लिहू नकोस.

ललिता रणपिसे


गोपनीय छपाई केंद्र
७ फेब्रुवारी

ती. आत्यास,

आधी माफ कर. मग हे नीट वाच.

तुझं पत्र वाचलं आणि 'पालथा' या शब्दावर थांबले. जेवणाच्या टेबलावर कोरे कागद घेतले, त्यांवर एकपासून आकडे घातले, एक नंबर वर. गठ्ठा उपडा केला आणि खुर्च्यांसमोर वाटत गेले. पहिल्या खुर्चीपुढे शेवटचा कागद आला आणि शेवटच्या खुर्चीपुढे पहिला. पुन्हा करून पाहिलं. तेच.

आम्ही पाकीट भरतो ते सुलट, पहिल्या क्रमांकाची प्रत सगळ्यात वर. तू क्रम बदलला नाहीस, हे तुझ्या दृष्टीने खरंच आहे. पण उपडा केला की गठ्ठा उलटा वाटला जातो. म्हणजे फोटोतली प्रत आनंदीकडे नव्हतीच. ती शेवटच्या बाकावर गेली.

हे कुणाच्याच लक्षात आलं नाही, कारण चाचण्या आम्ही ऑफिसात घेतल्या. वाटणारे आमचेच लोक. एकाही शिक्षकाला बोलवावं असं मला सुचलं नाही. आणि कोपऱ्यातला तो साधा क्रमांक राहिला असता, तर प्रत्येकाने तो उत्तरपत्रिकेवर लिहिला असता आणि चूक पहिल्याच दिवशी उघडी पडली असती. तो काढायचा हट्ट माझा.

उमेदवारांना प्रश्नपत्रिका घरी नेऊ देतात. आनंदीने ती ठेवली आहे का? फेकू देऊ नकोस. आमच्या स्कॅनरखाली धरली की तिच्यावर शेवटच्या क्रमांकाच्या खुणा दिसतील.

आत्या, हे बाहेर आलं तर माझं काम गेलं. आणि गठ्ठा उलटा केल्याचा ठपका तुझ्यावर येईल, पेन्शन तोंडावर असताना. दोन्ही माहीत असून लिहिते आहे.

निकी

(या पत्राला टाचलेली चिठ्ठी)
पत्र लेखिकेस परत. कारण: छपाईच्या क्रमाचा व खुणांचा तपशील. खासगी पत्रातून हे बाहेर जाऊ देता येत नाही. तथापि, सुनावणी समितीच्या नावे लेखी अर्ज दिल्यास तो सीलबंद पुढे पाठवणे माझ्या अधिकारात आहे. विचार करावा. पृ. काळभोर, ८ फेब्रुवारी


बिबवेवाडी
१० फेब्रुवारी

निकिता,

भाजीची गाडी तुमच्याकडे दोनदा तरी येऊन गेली असेल, तुझं पत्र नाही. मी रागाने लिहिलं हे खरं, पण एवढ्या मोठ्या प्रश्नावर तू गप्प बसशील असं वाटलं नव्हतं. गप्प बसण्याचा अर्थ मला कळतो. राज्यभरचं काम आहे, मोठी कंपनी होणार आहे. तुझ्या जागी दुसरं कुणी असतं तर मी म्हटलं असतं, व्यवहार आहे. तुझ्याबद्दल तसं म्हणवत नाही.

आनंदीच्या नवऱ्याने तिला माहेरी नेऊन सोडलं. सुनावणी होईपर्यंत, म्हणाला. बाळ सासूकडे. दूध अंगावर पिणारं बाळ आहे ते. तिची आई मला म्हणाली, "बाई, आम्ही कुणाकुणाला सांगायचं?" मी १३ तारखेच्या सुनावणीला जाणार आहे. मला बोलावलेलं नाही, पण दारात बसायला तर कुणी अडवत नाही. मी जे पाहिलं ते ओरडून सांगेन. तुझा पुरावा माझ्या ओरडण्याला हरवेल, हे मला माहीत आहे.

तुझ्या बाबांनी तुला कायम एक सांगितलं, की शिकलेल्या माणसाच्या सहीने गरीब माणूस मरतो किंवा तरतो. आज ते असते तर तुझ्याशी काय बोलले असते याचा विचार कर.

आत्या


गोपनीय छपाई केंद्र
११ फेब्रुवारी

प्रति,
मा. अध्यक्ष, सुनावणी समिती, भरती मंडळ, पुणे
(सुरक्षा अधिकारी यांच्यामार्फत, सीलबंद)

विषय: श्रीमती आनंदी भिलारे यांच्याविरुद्ध दिलेले प्रतिज्ञापत्र मागे घेण्याबाबत.

महोदय,
वरील प्रकरणी मी दिलेले प्रतिज्ञापत्र मागे घेत आहे. फोटोतील प्रत पहिल्या क्रमांकासाठी छापली होती, हे खरे आहे. ती पहिल्या क्रमांकाच्या उमेदवाराच्याच हातात गेली, हे मी तपासल्याशिवाय गृहीत धरले. पाकीट उघडल्यावर गठ्ठा पालथा ठेवून वाटल्यास प्रती उलट क्रमाने वाटल्या जातात. श्रीमती भिलारे यांच्याकडे त्यांची प्रश्नपत्रिका असल्यास ती आमचे सहकारी श्री. अर्णव यांच्याकडून समितीसमोर स्कॅन करून घ्यावी. त्या खोलीच्या पर्यवेक्षक माझ्या आत्या आहेत, हेही मी नोंदवते. त्यांनी सूचनापत्रकाविरुद्ध काही केलेले नाही. सूचना अपुरी होती व ती मी लिहिली होती.

ही गोष्ट ७ तारखेला माझ्या ध्यानात आली. ८ तारखेला आत्यांना लिहिलेले माझे खासगी पत्र परत करून अर्जाचा मार्ग मला सांगण्यात आला. त्यानंतरचा उशीर माझ्या भीतीमुळे झाला आहे.

आपली,
निकिता रणपिसे


बिबवेवाडी
१४ फेब्रुवारी

चि. निकीस,
अनेक आशीर्वाद.

मी तुला नको ते बोलले. तू गप्प का होतीस ते काल सुनावणीत कळलं. काळभोर साहेबांचा माणूस पाकीट घेऊन आला, तेव्हा मी दारातल्या बाकड्यावर बसून भांडणाची तयारी करत होते. अध्यक्षांनी तुझा अर्ज मोठ्याने वाचला आणि मला आत बोलावलं. "गठ्ठा पालथा ठेवला होतात का?" मी म्हटलं, "हो. नेहमीच ठेवते." ते म्हणाले, "त्यामुळे काय झालं ते कळतंय का?" तेव्हा कळलं, निकी. त्या पोरीसाठी मी दारोदार फिरत होते, आणि तिच्यावर हे संकट माझ्याच टेबलावरून आलं होतं.

आनंदीने प्रश्नपत्रिका प्लॅस्टिकच्या फोल्डरमध्ये घालून आणली होती. उत्तरं जुळवायला ठेवली होती म्हणे. तुझ्या अर्णवने ती यंत्राखाली धरली. पडद्यावर शेवटच्या बाकाचा क्रमांक आला. आनंदी तेवढ्यानेही रडली नाही. तिने विचारलं, "मग माझा पेपर तपासणार ना?" अध्यक्ष म्हणाले, तपासणार. बाहेर आल्यावर मात्र ती पायरीवर बसली आणि तिथून तिला उठवेना. शेवटी मी आणि तिची आई तिला धरून रिक्षात घेऊन गेलो, थेट सासरी, बाळाकडे.

मला नोटीस आली आहे. खुलासा देईन. पेन्शन अडली तर अडली, मला एकटीला असं लागतं किती.

एक गोष्ट मनाला टोचते आहे. आता सगळे शेवटच्या बाकाच्या मागे लागले आहेत. तिथे सलिल नावाचा मुलगा होता. त्याचा बाक डुगडुगत होता म्हणून मी त्याची आणि पुढच्या मुलाची जागा बदलून दिली होती. पेपर वाटायच्या आधी की नंतर, ते मला आठवत नाही. म्हणून ती प्रत दोघांतल्या कुणाकडे गेली, तेही सांगता येत नाही. कितीदा डोळे मिटून आठवलं. मी समितीला तसं सांगितलं. अध्यक्ष म्हणाले, "बाई, तो मुद्दा किरकोळ आहे." मला तो किरकोळ वाटत नाही.

तुझी,
आत्या


गोपनीय छपाई केंद्र
१८ फेब्रुवारी

ती. आत्यास,
सप्रेम जयभीम.

तुझं पत्र उशाशी ठेवलंय. आनंदी बाळाजवळ आहे, हे वाक्य मी पुन्हा पुन्हा वाचते.

काल मंडळाकडून सीलबंद पाकीट आलं. आत नवं प्रतिज्ञापत्र, माझ्या सहीसाठी. जुन्याचीच नक्कल, फक्त आनंदीच्या जागी सलिलचं नाव. सोबत कंपनीतल्या माझ्या भागीदाराचं पत्र. तो लिहितो, मंडळ नाराज नाही. चूक आपणच शोधून दिली म्हणून उलट विश्वास वाढलाय. खरा गुन्हेगार सापडला की राज्याचं काम पक्कं. सही कर आणि विषय संपव.

मी काळभोर साहेबांमार्फत विचारलं, सलिलची प्रश्नपत्रिका मिळाली का? उत्तर आलं, तो म्हणतो रद्दीत गेली. आणि त्याच्या पुढे बसलेल्या मुलाची? ती कुणी मागितलीच नाही. सगळ्यांना नाव हवं आहे, आत्या. मलासुद्धा हवं होतं. मागच्या वेळी मी तो कागद उभ्या उभ्या सही करून दिला होता, कारण माझी खात्री होती. या वेळीही वाटतंय की सलिलनेच केलं असणार. पण हे वाटणंच आहे, आणि तुला ते आठवत नाही.

मी त्यांच्या मजकुरावर आडवी रेघ मारली. भागीदाराला कळवलं की काम गेलं तर जाऊ दे, पुढच्या प्रश्नपत्रिकांवर साधा क्रमांक पुन्हा छापायचा, आणि चाचणीला शिक्षक बसवायचे. तो संतापेल. माणसांचे पगार आहेत, कर्ज आहे, मला खूप भीती वाटते आहे, हे तुझ्यापासून लपवत नाही.

रेघेखाली मी माझ्या हाताने दोन वाक्यं लिहिली आणि सही केली. 'फोटोतली प्रत पहिल्या क्रमांकासाठी छापली होती. ती त्या दिवशी कोणाच्या हातात होती, हे मला माहीत नाही.' आत्या, दुसरं वाक्य मला पहिल्या दिवशीही लिहिता आलं असतं. ते मी लिहिलं नाही, म्हणून आनंदीचं बाळ तिच्यापासून तोडलं गेलं.

तुझी,
निकी